ताणलेलं जाळं की हवा भरलेलं कापड?

चौकावर तरंगणारं, गावोगाव फिरणारं अवाढव्य कापडी शिल्प दिसलं की त्याला सरसकट ‘फुगा’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात या दोन जाती आहेत: एकीचा आकार दोरांच्या ताणातून येतो, दुसरीचा आतल्या हवेच्या दाबातून.

अमेरिकन शिल्पकार जेनेट एकेलमन यांचं ‘१.२६’ हे जाळ्याचं शिल्प पहिल्या जातीचं. २०१० साली ते डेन्व्हरमध्ये लागलं, पुढे सिडनी, ॲमस्टरडॅम, सिंगापूरला गेलं. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराजवळच्या त्यांच्या २००५ च्या कायमस्वरूपी जाळ्याला पोलादी कडं आहे; फिरत्या कामाला असं कडं परवडत नाही. त्याची जागा वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत अशा पॉलिथिलीनच्या दोरांनी घेतली, आणि ते थेट इमारतींना बांधले जातात.

फसगत इथेच होते. शिल्प हलकं, म्हणजे भिंतीवरचा भारही हलका, असं वाटतं. १ टनाचं जाळं १०० मीटर अंतरावर सारखं पसरून टांगलं आणि मध्ये १० मीटर झोळ ठेवला, तर प्रत्येक टोकाला आडवी ओढ सव्वा टनाची. झोळ ५ मीटर केला की अडीच टन, २ मीटर केला की सव्वासहा. वारा, पाणी, बर्फ यांचा भार वेगळाच. म्हणून ‘जरा आणखी ताणा, सपाट दिसू दे’ ही मागणी ठामपणे नाकारावी. हा धागा सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतो, तेव्हा ताण मधूनमधून मोजून पुन्हा बसवावा लागतो. शिवाय प्रत्येक शहरात इमारती वेगळ्या. अँकर (भिंतीत दोर अडकवायच्या जागा) आणि दोरांच्या लांबीचा हिशेब दर वेळी नव्याने.

हवेच्या शिल्पाला ही कटकट कमी. डच कलाकार फ्लोरेंटाइन हॉफमन यांचं हवा भरलेलं पिवळं बदक २०१३ साली हाँगकाँगच्या बंदरात होतं, उंची साडेसोळा मीटर. अशा शिल्पांत शिवणींतून हवा झिरपत असेल तर ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा पंखा, अखंड चालवावा लागतो, म्हणून दुसरा ब्लोअर आणि जनरेटर तयार हवाच. कापड वारा अडवतं: वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तो आतल्या दाबाच्या जवळ पोचला की कापडाला खळगा पडतो आणि खळग्यात वारा आणखी भरतो. वादळाआधीच हवा काढावी. ओलं कापड घडी केलं तर बुरशी लागते.

ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरम यांचा ७ मीटर व्यासाचा चंद्र दोरांवर टांगलेला दिसतो, तरी तो दुसऱ्याच जातीचा. दोर त्याला फक्त जागेवर धरतात. गोलाई हवेची आहे.