तांब्याची लाल झिलई (चिनी पोर्सेलीन)

चिनी पोर्सेलीनच्या भांड्यांना तांब्याच्या योगाने लाल रंग आणणारी झिलई. च्यांगशी प्रांतातील जिंगदेजनच्या भट्ट्या हे तिचे मुख्य केंद्र. मिंग काळात (१३६८–१६४४) ती प्रामुख्याने वाडगे, थाळ्या आणि उंच बुडाच्या प्याल्यांवर दिसते. संग्राहकांमध्ये गाजलेल्या फुलदाण्या मात्र त्यानंतरच्या छिंग काळातल्या (१६४४–१९१२) आहेत.

निळ्या रंगासाठी वापरला जाणारा कोबाल्ट स्वभावाने गरीब. आच थोडी कमीजास्त झाली तरी तो निळाच राहतो. तांबे तसे नाही. झिलईत त्याचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. भट्टी सुमारे १,२८०–१,३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना हवा कोंडून आग धुरकट ठेवावी लागते. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तांब्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि वितळलेल्या काचेत धातूचे अतिसूक्ष्म कण उरतात. लाली त्या कणांची असते. हवा जास्त शिरली तर रंग हिरवट होतो किंवा उडूनच जातो. तांबे जास्त पडले तर काळपट, यकृतासारखी छटा येते. शिवाय एवढ्या उष्णतेत तांब्याची वाफही होते, म्हणून झिलईचा थर पातळ असून चालत नाही, आणि जाड थर खाली ओघळतो. काठावर तो विरळ होऊन पांढरी कड उघडी पडते. ही कड म्हणजे दोष नव्हे. जाणकार तिच्यावर खूश असतात.

तांब्याचे लाल डाग थांग काळातल्या (६१८–९०७) छांगशा इथल्या भट्ट्यांच्या भांड्यांवरही सापडतात, पण अख्खे भांडे एकसारखे लाल करणे साधले ते योंगले (१४०३–१४२४) आणि श्वेन्द (१४२६–१४३५) या राजवटींत. पुढे ही हातोटी मंदावली. च्याचिंग सम्राटाच्या काळात (१५२२–१५६६) स्वर्ग, पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांच्या वेद्यांसाठी भांड्यांचे रंग ठरले. सूर्याच्या वाट्याला लाल आला, आणि नेमका तोच भट्टीतून निघेना. शेवटी झिलईवर कमी आचेत भाजलेल्या लोहाच्या लाल रंगावर काम भागवले गेले. तो तुलनेने सोपा, पण विटकरी झाक असलेला. तांब्याच्या लालीची खोली त्याला नाही.

कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) ही विद्या पुन्हा हाती आली. १७०५ ते १७१२ या काळात च्यांगशीचे राज्यपाल असलेले लांग थिंगची यांच्या नावाने ‘लांगयाओ’, म्हणजे लांगची भट्टी, हा प्रकार ओळखला जातो. जाड, चकचकीत, बारीक तडे गेलेली आणि खांद्यापासून बुडाकडे गडद होत जाणारी ही झिलई युरोपात ‘बैलाच्या रक्ताची’ म्हणून प्रसिद्ध झाली. ‘कंगाल व्हायचे असेल तर लांगचा लाल भाजा’ अशी चिनी म्हण आहे. भट्टीतून किती माल वाया जात असेल याचा अंदाज तिच्यावरून येतो.

याच काळातला दुसरा प्रकार मऊ, गुलाबी, मध्येच शेवाळी ठिपके असलेला आहे. चीनमध्ये त्याला चवळीच्या शेंगेचा लाल म्हणतात, पाश्चात्य संग्राहक पीचच्या सालीचा. हे ठिपके म्हणजे तिथल्या तांब्याला ऑक्सिजन मिळाल्याची खूण. हा रंग ठरावीक आठ आकारांच्या छोट्या वस्तूंवर देत: लेखकाच्या मेजावरची पाण्याची भांडी, शिक्क्याच्या शाईच्या डब्या, नाजूक फुलदाण्या. अशीच एक फुलदाणी १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात १८,००० डॉलरला गेली. त्या काळी ही किंमत थट्टेचा विषय झाली होती. ती फुलदाणी आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे.

रंगावरून वय ठरवणे धोक्याचे. लांगयाओच्या बऱ्याच नगांवर राजवटीचा शिक्का नसतो, आणि असला तरी जुन्या सम्राटाचे नाव आदराने घालण्याची रीत होती. एकोणिसाव्या शतकातल्या नकलाही उत्तम आहेत. म्हणून पारखी आधी नग उलटा करून बुडाची कड पाहतो: कांगशी काळातल्या चांगल्या नगांवर झिलई त्या कडेपाशी अलगद थांबलेली असते, तर पुढच्या काळात ओघळलेली झिलई बऱ्याचदा घासून सपाट केलेली दिसते.