शितावरून पिस्त्याची परीक्षा

माझा भाचा उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. परवा घरी आला तो तावातावाने. "मामा, पिस्त्याचा कंटेनर पहिल्या लॅबने नापास केला, दुसऱ्या लॅबने पास केला. माल तोच! म्हणजे चारलेच ना पैसे?" यार्डात सगळ्यांचं यावर एकमत होतं म्हणे.

पैशांचं मी काही सांगू शकत नाही. पण एकही पैसा न चारता, दोन्ही लॅबनी प्रामाणिकपणे काम करूनही असं होऊ शकतं.

न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या खाद्यमालाचे कागद आणि वेष्टनं एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, अधिकारी बघतात आणि गरज पडेल तिथे नमुन्याचे दोन भाग घेतात. एक लॅबला जातो, 5 दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. नापास झाला आणि आयातदाराने अपील केलं, तर राखून ठेवलेला दुसरा भाग रेफरल लॅबकडे, म्हणजे फेरतपासणी करणाऱ्या लॅबकडे जातो. तोवर पेटी यार्डात आणि भाडं डोक्यावर.

पिस्त्यात शोधायचं असतं अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. ते तयार करते अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी. आपल्याकडे 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून थेट खायच्या सुक्यामेव्यात आपल्याकडची मर्यादा आहे किलोला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग.

आता खरी गंमत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेली असतात. पिस्ते तसे नसतात. झाडावरच वेळेआधी टरफल फुटलं किंवा किड्याने भोक पाडलं, तर तेवढ्याच दाण्यात बुरशी शिरते. शेजारचा दाणा ठणठणीत. टोपलीभर तवशांत एखादंच कडू निघावं, तसं.

हिशोब मांडू. समजा 5000 पिस्त्यांत एकच बाधित आहे आणि त्यात किलोला 50,000 मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष आहे. (आकडा फुगवलेला वाटेल, पण शेंगदाण्याच्या एकेकट्या दाण्यात याच्या वीसपटीहून जास्त सापडलेलं आहे.) सगळ्या मालाची सरासरी निघाली बरोबर 10. एक पिस्ता साधारण एक ग्रॅमचा धरला, तर किलोभर नमुन्यात हजार पिस्ते आले. त्यात बाधित दाणा एकही नसण्याची शक्यता 82 टक्के! म्हणजे शंभरातल्या 82 वेळा अहवाल येणार 'शून्य'. आणि तो एक दाणा आलाच तर आकडा येणार 50, मर्यादेच्या पाचपट. खरा आकडा 10, आणि तो कुणालाच दिसणार नाही.

उपाय एकच, नमुना मोठा घ्या. 20 किलो घेतला तर सरासरी चार बाधित दाणे हाती लागतात आणि सगळे निसटण्याची शक्यता दोन टक्क्यांवर येते. पण मग तो सगळा नमुना दळावा लागतो, पाणी घालून अगदी चटणीसारखा. दळण्याआधीच नमुन्याचे दोन भाग केले, तर दोन लॅबना दोन वेगळे माल दिल्यासारखंच झालं.

चटणी झाली की मिथेनॉलमध्ये विष उतरवायचं, अफ्लाटॉक्सिनलाच पकडणारी प्रतिपिंडं भरलेल्या नळीतून ते गाळायचं आणि एचपीएलसी यंत्रात घटक वेगळे करायचे. अतिनील प्रकाशात अफ्लाटॉक्सिनच्या बी गटाचे रेणू निळे चमकतात, जी गटाचे हिरवे. नावंच त्यावरून पडली: ब्लू आणि ग्रीन. मात्र सर्वांत घातक बी-1 पाणीमिश्रित द्रावणात मंद पडतो. त्याच्या टोकाच्या कड्यात एक जास्तीचा दुहेरी बंध असतो. आयोडीन, ब्रोमीन किंवा अतिनील दिव्याने तो मोडला की रेणू लखलखतो. आपलं यकृत याच बंधावर ऑक्सिजन चढवतं आणि मग तो रेणू डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतो. जो बंध चमक झाकतो, तोच मारतो! मला हे फार सुंदर वाटतं. भाच्याने मात्र इथे मोबाइल काढला होता.

जाता जाता एक. 'नैसर्गिक आहे, केमिकल नाही' या शिक्क्यावर आपण भाळतो. अफ्लाटॉक्सिन शंभर टक्के नैसर्गिक आहे. ऑर्गॅनिक शेतातल्या बुरशीलाही ते उत्तम जमतं. 'चिमूटभर हळद लावून भाजलं की विष उतरतं' हा फॉरवर्डही मला दोनदा आलाय. भाजल्याने थोडं कमी होतं, सगळं जात नाही, आणि हळदीचा त्यात काही हात नाही.

"मग घरातल्या पाव किलोचं काय?" भाच्याने मोबाइल ठेवून विचारलं. वरच्याच हिशोबाने, पाव किलोत म्हणजे 250 पिस्त्यांत तो दाणा असण्याची शक्यता विसात एक. काळपट, सुरकुतलेले, आत भुकटी असलेले दाणे टाकून दिले की तीही कमी होते. आणि पावसाळ्यात इथल्या दमट हवेत डबा घट्ट बंद हवा, नाहीतर बुरशी घरीच हातपाय पसरते. त्याने वाटीतला एक पिस्ता उचलला, उजेडात धरून बघितला, आणि परत ठेवला.