घर्षण

एकमेकांना टेकलेले दोन पृष्ठभाग परस्परांवरून घसरू लागले किंवा घसरण्याच्या बेतात आले, की स्पर्शाच्या जागी त्या घसरण्याला जो विरोध होतो त्याला घर्षण म्हणतात. ‘गतीला विरोध करणारे बल’ अशी त्याची व्याख्या मुलांना सर्रास पाठ करायला लावली जाते. ती सोपी असली तरी अपुरी आहे, कारण घर्षणाचा विरोध गतीला नसून घसरण्याला असतो. चालताना माणूस पायाने जमीन मागे रेटतो. पाऊल मागे घसरू नये म्हणून जमीन त्याच्यावर पुढच्या दिशेने घर्षण बल लावते आणि त्याच बलाच्या आधाराने माणूस पुढे जातो. शेवाळलेल्या फरशीवर हे बल पुरेसे मिळत नाही, म्हणून पाय सटकतो.

लोखंडी कपाट सरकवून पाहिलेल्या कोणालाही घर्षणाचे दोन प्रकार ठाऊक असतात, नावे ठाऊक नसली तरी. आधी थोडा जोर लावला तर कपाट हलत नाही, कारण घर्षणही तेवढ्याच जोराने उलट दिशेला उभे राहते. जोर वाढवला की तेही वाढते, परंतु एका मर्यादेपर्यंतच. हे स्थितिक घर्षण होय. मर्यादा ओलांडताच कपाट झटक्याने सुटते आणि त्यानंतर ते सरकत ठेवण्यास बहुधा कमी जोर पुरतो, कारण सरकत्या वस्तूवरील गतिक घर्षण स्थितिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा सहसा कमी असते. पृष्ठभाग एकमेकांवर ज्या बलाने दाबले जातात त्याच्या किती पट घर्षण होते, हे सांगणाऱ्या संख्येला घर्षण गुणांक म्हणतात. सपाट जमिनीवर ठेवलेली 10 किलोग्रॅमची लाकडी पेटी जमिनीला सुमारे 98 न्यूटन बलाने दाबते. घर्षण गुणांक 0.4 असेल तर तिला सरकत ठेवण्यासाठी सुमारे 39 न्यूटन बल लावावे लागेल.

वीट आडवी ठेवून ओढली काय किंवा उभ्या कडेवर ठेवून ओढली काय, घर्षण जवळजवळ तेवढेच राहते. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत ती टिपून ठेवली होती, पण त्या वह्या दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्या. फ्रान्सच्या गीयोम आमोंताँ याने 1699 मध्ये तोच नियम नव्याने मांडला आणि अठराव्या शतकात शार्ल कुलोम याने प्रयोगांनी त्याला बळकटी दिली. नियमामागचे कारण मात्र विसाव्या शतकात केंब्रिज येथील बाऊडेन आणि टेबर यांच्या कामातून स्पष्ट झाले. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो, त्यामुळे दोन पृष्ठभाग केवळ काही टोकांवरच खरोखर टेकतात. तेथे दाब प्रचंड असल्याने ती टोके चेपतात आणि चिकटतात. घसरताना हे जोड सतत तुटत व नव्याने बनत राहतात. वीट आडवी असो वा उभी, तिचे वजन तेच असते, म्हणून खऱ्या स्पर्शाचे एकूण क्षेत्रही साधारण तेवढेच भरते.

घर्षणाला पुरवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, ती मुख्यतः उष्णतेत बदलते. थंडीत तळहात चोळणे किंवा आगपेटीवर काडी ओढणे ही त्याचीच रूपे आहेत. 1798 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शास्त्रज्ञ काउंट रमफर्ड याने म्युनिक येथे तोफेच्या नळीला भोक पाडण्याचे यंत्र पाण्यात बुडवून घोड्यांकरवी चालवले, तेव्हा सुमारे अडीच तासांत ते पाणी उकळू लागले. उष्णता हा वस्तूत साठलेला एक पदार्थ आहे, असे तेव्हा अनेक जण मानत. यंत्र फिरत राहील तोवर उष्णता मिळतच राहते, मग ती धातूत साठवलेला पदार्थ कशी असेल, असा त्याचा प्रश्न होता. उष्णता ही ऊर्जाच आहे हा विचार पुढे रुजला त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी 1,000 किलोग्रॅमची मोटार थांबते तेव्हा तिची सुमारे 1,39,000 ज्यूल गतिज ऊर्जा प्रामुख्याने ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते; एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे 33 अंश सेल्सिअसने वाढेल. घाट उतरताना ट्रकचालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग आवरण्याचे काही काम इंजिनावर सोपवतात ते याचसाठी, कारण तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते.

टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक कोरड्या रस्त्यावर 0.7 धरला, तर वरील मोटारीला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे 20 मीटर अंतर लागते. ओल्या रस्त्यावर तो 0.4 झाला तर सुमारे 35 मीटर. चालकाने ब्रेक दाबेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

वस्तू घसरण्याऐवजी गडगडू लागली की विरोध फारच घटतो, चाकाचे सगळे महत्त्व यातच आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक इतक्या सहज धावते, की रेल्वेपुढे उलटाच प्रश्न उभा राहतो : इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू नयेत यासाठी घर्षण मिळवायचे कसे? कर्जत ते लोणावळा हा बोरघाटातील चढ काही ठिकाणी 37 मीटरला 1 मीटर इतका आहे. तेथे गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. चाके घसरू लागल्यास रुळांवर वाळू सोडण्याची सोयही इंजिनांत असते.

गरजेप्रमाणे घर्षण वाढवण्याची आणि घटवण्याची युक्ती माणसाला फार जुनी ठाऊक आहे. कुस्तीगीर हाताला माती चोळून पकड मिळवतो, तर मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावून ते अंगावर ओरखडे न काढण्याइतके निसरडे करतात. कॅरमवर टाकलेल्या पावडरीचे बारीक कण सोंगटी आणि फळी यांच्यात शिरून सोंगटीला पुढे पळू देतात. गाडीच्या आसाला घातलेले वंगण धातूंना एकमेकांपासून दूर ठेवते. वंगणाचा थर पुरेसा जाड असेल तर घर्षण धातूचे न राहता त्या द्रवाच्या थरांमधले होते आणि झीजही कमी होते. घर्षण, झीज व वंगण यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हे नाव 1966 मध्ये रूढ झाले.

हवा आणि पाणीही आपल्यातून जाणाऱ्या वस्तूला विरोध करतात, मात्र तो वेगाबरोबर वाढतो. हवा नसती तर एक किलोमीटर उंचीवरून सुटलेला पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे 140 मीटर वेगाने अंगावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला साधारण 9 मीटरच्या पुढे जात नाही. उल्का मात्र हवेशी घासून पेटते हा समज तितकासा बरोबर नाही. ती इतक्या वेगाने येते की समोरच्या हवेला बाजूला सरायला अवधीच मिळत नाही, आणि दाबली गेलेली ती हवाच प्रचंड तापून उल्केला जाळते.