हाय-रिझोल्यूशन लॅपटॉप आणि डोळ्यांवरचा ताण: बेळगाव सीमाभाग

बारीक पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते स्क्रीनवरचे ठिपके) नव्या लॅपटॉपवर बराच वेळ काम केलं की डोळे चुरचुरणं, जड होणं, कपाळ दुखणं, मान वर केल्यावर लांबचं थोडा वेळ धूसर दिसणं, या तक्रारी आणि त्या कमी करायच्या उपायांबद्दल ही नोंद आहे. डॉक्टर लोक याला डिजिटल आय स्ट्रेन किंवा कॉम्प्युटर व्हिजन सिंड्रोम म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा विषय जरा वेगळा होतोय, कारण इथल्या माणसाच्या एकाच स्क्रीनवर दिवसभर तीन लिप्या असतात, कंपनीचा मेल इंग्लिश, जमिनीचा उतारा नि सरकारी अर्ज कन्नड, आणि पेपर नि व्हॉट्सअॅप मराठी.

मूळ भानगड रिझोल्यूशन जास्त असण्यात नाहीच, उलट पिक्सेल जितके दाट तितकी अक्षराची कड स्वच्छ, २०१२ मध्ये अॅपलनं २८८० बाय १८०० पिक्सेलचा रेटिना मॅकबुक प्रो काढला तो याच जोरावर. भानगड अक्षराच्या उंचीत आहे. जुना १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप घ्या, त्यात एका इंचात साधारण १०० पिक्सेल, म्हणजे १६ पिक्सेलचं अक्षर ४ मिलिमीटरच्या आसपास. आता १४ इंची २८८० बाय १८०० ची स्क्रीन घेतली तर इंचाला २४० च्या वर पिक्सेल, तेच अक्षर स्केलिंग (म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी करून दाखवायची ते प्रमाण) १०० टक्के ठेवलं तर पावणेदोन मिलिमीटरच्या आत येतंय! मग माणूस नकळत पुढं वाकतोय, आणि स्क्रीन जितकी जवळ तितका डोळ्याच्या आतल्या स्नायूला जोर जास्त.

इंग्लिश एवढ्यातही कसंबसं वाचता येतं, मराठी आणि कन्नड मात्र अडतात. ‘राष्ट्र’ मधला ‘ष्ट्र’ बघा, एकाखाली एक अशी अक्षरं रचलेली, वर वेलांटी किंवा रफार आला की आणखी दाटी. कन्नडचंही तसंच, जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली बारीक करून लिहितात आणि ‘स्त्री’ सारख्या शब्दात तर खाली दोन-दोन लोंबतात. फॉन्टचा आकडा तिन्ही लिप्यांना एकच असला तरी ओळखायच्या खुणा इथं फार बारीक होतात, त्यामुळं इंग्लिशला बरा वाटणारा साइज आपल्याला पुरेल हे धरून चालू नये.

यावर बरेच जण, कधीकधी दुकानदारसुद्धा, रिझोल्यूशनच कमी करून देतात. ते करू नये. पॅनेलचे पिक्सेल ठरलेले असतात, कमी रिझोल्यूशन दिलं की चित्र ताणून बसवलं जातं, अक्षर मोठं होतंय पण कड पुसट, आणि पैसे देऊन घेतलेली स्क्रीन फुकट. रिझोल्यूशन आहे तेच ठेवून स्केलिंग वाढवायचं, विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, स्केल. वरच्या १४ इंचीवर २०० टक्के लावलं तरी अक्षर जुन्या लॅपटॉपपेक्षा थोडं लहानच राहतं, बरोबरीला यायला २५० लागतंय, तेव्हा ‘शिफारस केलेला’ आकडा म्हणजे काय ब्रह्मवाक्य नाही. स्क्रीनवर कमी मावतंय म्हणून लोक कुरकुर करतात, पण न वाचता येणारं जास्त मावून तरी काय उपयोग. जुनी अकाउंटिंगची, टायपिंगची सॉफ्टवेअरं स्केलिंगला दाद देत नाहीत, एकतर मुंगीएवढी दिसतात नाहीतर फिसकटलेली, तिथं आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटीमधलं हाय डीपीआय सेटिंग बदलून बघावं, बऱ्याचदा काम होतंय. फायरफॉक्समध्ये तर देवनागरी आणि कन्नडला वेगवेगळा कमीत कमी फॉन्ट साइज देता येतो, सीमाभागात ही सोय सगळ्यांनी वापरावी अशी आहे आणि वापरणारे फार दिसत नाहीत.

बाकीचं तसं साधंच. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लवतो, स्क्रीनकडं टक लावली की ते बरंच कमी होतं नि डोळा कोरडा पडतो, उन्हाळ्यात अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत तोंडावर फॅन मारून बसलं तर आणखीच. फॅन बाजूला वळवायचा. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर, म्हणजे सहाएक मीटर लांब बघायचं, हा नियम सोपा आहे, खिडकीतून समोरच्या घराची कौलं बघितली तरी चालतंय. स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्याच्या किंचित खाली, खिडकी पाठीमागं नको, बाजूला असावी. खानापूरकडं पावसात लाइट गेली की बॅटरीवर बरेच लॅपटॉप आपोआप ब्राइटनेस उतरवतात, खोलीत अंधार म्हणून तेवढं चालतं, पण लाइट आल्यावर तो परत चढलाय का बघावं. काही ओएलईडी स्क्रीन कमी ब्राइटनेसला फार वेगानं लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण काहींचं डोकं धरतं. अशा वेळी ब्राइटनेस थोडा वर ठेवून डार्क मोड, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, लावून बघावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या, म्हणजे ब्लू कट चष्म्याचं दुकानात फार कौतुक चालतं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात त्यानं डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही, ते पैसे नंबर तपासायला घालावेत.

चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास सुरू होतो तिथं मात्र स्केलिंगनं सगळं भागत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे लांबचा नि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्यात, जवळचा नंबर खालच्या भागात असतो, म्हणून माणूस हनुवटी वर करून स्क्रीन वाचतोय आणि संध्याकाळी मान धरली म्हणतोय. अशांना स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा बरा पडतो. डॉक्टरकडं जायच्या आधी घरी टेपनं डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत किती सेंटीमीटर होतात ते मोजून न्यावं, कारण नेहमीचा वाचायचा नंबर साधारण ४० सेंटीमीटर धरून काढतात आणि लॅपटॉप बहुतेकदा त्याच्या पलीकडं असतोय.