कुकीच्या पुड्यामागची शंभर वर्षं

जानेवारी उजाडला की अमेरिकेत गर्ल स्काउट मुली कुकीजच्या ऑर्डरी घ्यायला बाहेर पडतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलीही त्यांच्यात असतात, आणि मग आई किंवा बाबांपैकी कुणाकडे तरी पथकाच्या कुकी मॅनेजरचं काम येतं. खोकी किती मागवायची, स्टॉल कुठे लावायचा, पैशांचा हिशेब कोण ठेवणार, या प्रश्नांत तो माणूस बुडून जातो. पण मुलींनी काय करायचं आणि मोठ्यांनी काय करायचं, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. या विक्रीच्या इतिहासात तोच पुन्हा पुन्हा समोर येतो.

ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 12 मार्च 1912 रोजी जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात 18 मुलींना घेऊन गर्ल स्काउट्स ही संघटना सुरू केली. कुकीज आल्या त्यानंतर पाच वर्षांनी. ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावातल्या ‘मिसलटो’ पथकाने 1917 मध्ये घरी कुकीज भाजल्या आणि सेवाकार्यासाठी पैसे हवेत म्हणून शाळेच्या उपाहारगृहात विकल्या. वरून कुणाचा आदेश आला नव्हता. एका पथकाची गरज होती, ती त्याच पथकाने भागवली.

या प्रयोगाला खरी चालना मिळाली जुलै 1922 मध्ये. शिकागोच्या एक स्थानिक संचालक फ्लॉरेन्स नील यांची कृती संघटनेच्या ‘द अमेरिकन गर्ल’ या मासिकात छापून आली. एक कप लोणी, एक कप साखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे दूध, व्हॅनिला, दोन कप मैदा, मीठ, बेकिंग पावडर. पीठ तासभर गार ठेवायचं, लाटायचं, संघटनेच्या तीन पानांच्या बिल्ल्याच्या आकारात कापायचं आणि आठ-दहा मिनिटं भाजायचं. कुकीज निघायच्या सहा-सात डझन. मला मासिकातल्या या मजकुरात सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यातला हिशेब. सामानाचा खर्च 26 ते 36 सेंट आणि विक्री डझनाला 25 ते 30 सेंट, असं नील यांनी लिहून दिलं होतं. म्हणजे एका घाण्यातून साधारण दीड ते दोन डॉलर हाती येणार आणि खर्च पाव डॉलरहून थोडासाच जास्त. दहा-बारा वर्षांच्या मुलीला हे गणित वहीत मांडता येतं. त्या दशकात मुली घरोघरी आयांच्या मदतीने कुकीज करत, मेणकागदाच्या पिशव्यांत भरत, वर स्टिकर लावत आणि दारोदार जाऊन विकत.

पुढे मागणी घरच्या ओव्हनच्या आवाक्याबाहेर गेली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या मुली शहरातल्या गॅस आणि वीज कंपनीच्या दर्शनी खिडक्यांत कुकीज विकत होत्या. 44 कुकीजचा डबा 23 सेंटला आणि सहा डबे एकदम घेतले तर 1 डॉलर 24 सेंट, म्हणजे 14 सेंटची सूट! 1934 मध्ये याच शहराच्या काउन्सिलने, म्हणजे तिथल्या पथकांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक शाखेने, बेकरीतून कुकीज करून घेतल्या. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कने तीन पानांच्या आकाराचा स्वतःचा साचा घेतला, 1936 पासून राष्ट्रीय संघटना बेकऱ्यांना परवाने देऊ लागली आणि 1937 पर्यंत सव्वाशेहून अधिक काउन्सिलं विक्रीत उतरली.

इथे मुलींच्या हातून भाजण्याचं काम गेलं. काहींना ती हानी वाटते, मला तसं वाटत नाही. दार वाजवणं, नाव सांगणं, नकार ऐकून घेणं, मोड मोजून परत देणं हे सगळं त्यांच्याकडेच राहिलं, आणि अवघड काम तेच होतं. युद्धकाळात साखर, मैदा, लोणी मिळेना, तेव्हा 1944 मध्ये मुलींनी कुकीजऐवजी कॅलेंडरं विकली. माल बदलला, विकणाऱ्या मुली त्याच राहिल्या.

युद्धानंतर परवाना असलेल्या बेकऱ्यांची संख्या 29 वर गेली, 1978 मध्ये ती चारवर आणली गेली आणि आज दोनच उरल्या आहेत. दोन्ही बेकऱ्या कुकीजना आपापली नावं देतात; एकाच चवीच्या कुकीला एका भागात ‘समोआज’ आणि दुसऱ्या भागात ‘कॅरामल डिलाइट्स’ म्हणतात ते यामुळेच. मावसबहिणीच्या गावची नावं वेगळी निघाली तर घोळ झाला असं समजू नये.

डिसेंबर 2014 मध्ये ऑनलाइन विक्रीची सोय झाली. आता मोठ्यांनी फोनवरून दुवा पाठवला की ऑर्डरी येतात, आणि मुलीला तोंड उघडावंही लागत नाही. ऑनलाइनवर कितपत विसंबता येतं, हे 2021 ने दाखवलं. साथीमुळे दुकानांबाहेरचे स्टॉल बहुतेक ठिकाणी लागले नाहीत आणि दीड कोटीच्या आसपास पुडे पडून राहिले. ऑनलाइन सोय असूनही समोर उभ्या राहणाऱ्या मुलीची जागा भरून निघाली नाही.

आपल्याकडे वाढलेल्या पालकांना यातलं मर्म लवकर कळावं, कारण शाळेत स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ पुष्कळांनी केली आहे. भेळेची गाडी लावली, बूट पॉलिश केले, तरी कमावायचं स्वतः, घरून पैसे आणून भरायचे नाहीत, असा तो दंडक होता. ऑफिसात फॉर्म फिरवून सगळे पुडे खपवणाऱ्या बाबांनी तो आठवावा. सहकाऱ्यांना विकायला हरकत नाही, पण मुलीला सोबत न्या आणि विचारू द्या तिलाच.

पैशांचं म्हणाल, तर बेकरीचं देणं भागवल्यावर उरणारी रक्कम स्थानिक काउन्सिलकडे आणि पथकांकडे राहते. राष्ट्रीय संघटनेला बेकऱ्यांकडून परवान्याचं शुल्क मिळतं. पथकाच्या वाट्याचं काय करायचं ते मुली ठरवतात. कुणी शिबिराला जातं, कुणी प्राणी निवाऱ्याला देणगी देतं, कुणी परदेशवारीसाठी वर्षानुवर्षं साठवतं. जगभरच्या गाइड-स्काउट मुलींसाठी असलेल्या केंद्रांपैकी ‘संगम’ हे 1966 पासून पुण्यात आहे, तेव्हा ती वारी पुण्याचीही असू शकते.

म्हणून पहिली ऑर्डर देण्याआधी मुलींची बैठक घ्या. गेल्या वर्षीचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा, कशासाठी किती पैसे हवेत ते त्यांनाच फळ्यावर लिहू द्या आणि त्यावरून खोकी मोजू द्या. न विकलेला माल अनेक काउन्सिलं परत घेत नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगा.