सदाफुलीच्या पेशी आणि उजळ त्वचेचं सीरम

ठाण्यात गोखले रोडच्या दुकानांत हल्ली 'ॲपल स्टेम सेल', म्हणजे सफरचंदाच्या मूळपेशी, असं लिहिलेली सीरम दिसतात. नाव वाचून वाटतं, जिवंत पेशी आपल्या गालावर काम करणार. तसं काही होत नाही. बाटलीत असतो तो पेशी फोडून काढलेला अर्क.

पण वनस्पतीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं तंत्र मात्र खरोखर सुंदर आहे. पानाचा किंवा फळाचा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर ठेवला, की कापलेल्या कडेला फिकट, भुसभुशीत पेशींचा गोळा फुगू लागतो. हा कॅलस. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली ठरवलेलं माध्यम यासाठी आजही वापरतात. पुढे हाच कॅलस द्रवात सोडून टाकीत वाढवता येतो. त्यासाठी ना शेत लागतं, ना हंगाम. सफरचंदाचा गाजलेला अर्क २००८ साली स्वित्झर्लंडमधून आला, तोही तिथल्या एका दुर्मीळ जातीच्या फळापासून. मात्र त्याची जाहिरात सुरकुत्यांसाठी होती, रंगासाठी नव्हे.

रंगाचं गणित वेगळं आहे. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होतं ते टायरोसिनेज या एन्झाइममुळे, आणि या एन्झाइमच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. आर्ब्युटिन हा रेणू या एन्झाइमला अडवतो. गॅलरीतल्या कुंडीत बारा महिने फुलणारी सदाफुली इथे कामाला येते. तिच्या टाकीतल्या पेशींना हायड्रोक्विनोन दिलं, तर त्या या विषारी रेणूला ग्लुकोज जोडून टाकतात आणि आर्ब्युटिन तयार होतं. जपानी संशोधकांनी हे करून दाखवलं आहे. सदाफुलीच्या पेशींत आर्ब्युटिन मुळात नसतं, तरी त्या ते घडवतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

म्हणून लेबलवर वनस्पतीचं नाव वाचून थांबू नका. कोणता रेणू आहे आणि किती टक्के, ते बघा. नुसत्या 'कॅलस अर्क' या शब्दांवरून काहीच कळत नाही. शिवाय मेलॅनिन आपलं उन्हापासून रक्षण करतं. सावळा रंग हा काही आजार नाही. अर्क कामाचे असलेच, तर वांग आणि मुरुमांच्या काळ्या डागांसाठी. तिथेही सनस्क्रीन लावलं नाही, तर डाग पुन्हा गडद होतात.

त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, त्यामुळे फरक दिसायला काही आठवडे जातातच. आठ दिवसांत गोरं करणारं, बिनानावाचं क्रीम कुणी दिलं तर घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. तोही टायरोसिनेज अडवतो, पण मूत्रपिंडं निकामी करू शकतो.