प्रोस्टेटची गोळी आणि पुरुषत्व

‘प्रोस्टेटच्या गोळ्यांनी पुरुषत्व जातं, त्यापेक्षा सरळ ऑपरेशन करा,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; वयानुसार ती वाढली की लघवीला त्रास होतो. भीती अगदीच निराधार नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत झाली आहे.

टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करते. फरक काही दिवसांत जाणवतो. ताठरतेला सहसा धक्का लागत नाही. वीर्य कमी येऊ शकतं, गोळी थांबवली की ते बहुधा पूर्ववत होतं. खरा जपण्याचा मुद्दा चक्कर: रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा.

फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथीच लहान करतात, त्याला सहा महिने तरी लागतात. इच्छा किंवा ताठरता कमी होण्याची तक्रार मुख्यतः इथली, तीही काही जणांचीच. यांनी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायला मोजलं जाणारं प्रथिन) सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना गोळीचं नाव सांगायचंच.

आणि ऑपरेशन? दुर्बिणीतून ग्रंथी खरवडल्यावर बहुतेकांचं वीर्य उलट मूत्राशयात जातं, तेही कायमचं. मेसेजमध्ये नेमकं हेच नसतं.

पडताळायचं तर गोळीच्या पाकिटावर ब्रँडखाली छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. तीन दिवस लघवीच्या वेळा लिहून ठेवा. त्रास सौम्य असेल, तर संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करून नुसतं लक्ष ठेवणं हाही डॉक्टरांना मान्य असलेला पर्याय आहे. लघवी पूर्ण अडली किंवा रक्त दिसलं, तर मात्र थांबू नका.